लोकसेवकांची वैयक्तिक माहिती व तिचे विधिसंरक्षण

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, न्यायालये, सार्वजनिक उपक्रम इत्यादींच्या सेवेत असलेल्या व्यक्तीविषयी त्या त्या संस्थेच्या दप्तरात जी माहिती साठत जाते, तिच्यापैकी कोणती नागरिकांना मागता यावी व कोणती रोखून धरता यावी, हे ठरविणारे विधिनियम व न्यायनिर्णय. लोकसेवक या संज्ञेची व्याख्या भारतीय दंड संहितेच्या २१ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील व्याख्या तिच्या जागी आली आहे. मंत्र्यापासून ग्रामपंचायतीच्या सेवकापर्यंत अनेकजण तीत मोडतात. लोकसेवक हा एकाच वेळी सत्तेचा धारक व खाजगी नागरिक असतो. त्याचे वेतन जनतेच्या पैशातून दिले जाते व त्याच्या सहीने इतरांचे हक्क ठरतात, म्हणून त्याच्या कारभाराची विचारपूस करण्याचा नागरिकास अधिकार आहे. परंतु त्याचे आजारपण, कर्ज वा कौटुंबिक कलह हे केवळ शासकीय दप्तरात नोंदले गेले म्हणून जनतेच्या मालकीचे होत नाहीत. या दोन हितांमधील सीमारेषा आखण्याचे काम भारतात मुख्यतः माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या आठव्या कलमाकडे आले.

दप्तराचे स्वरूप : सीमारेषेचा प्रश्न कळण्यासाठी प्रथम दप्तरात काय असते हे पाहिले पाहिजे. सेवापुस्तकात कर्मचाऱ्याची जन्मतारीख, जात, उंची, शरीरावरील ओळखखुणा व बोटांचे ठसे यांच्याबरोबरच नियुक्ती, वेतनवाढी, रजा, बदल्या आणि शिक्षा यांच्या नोंदी असतात. वैयक्तिक नस्तीत ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा व त्यांवरील खुलासे लावलेले असतात. वेतनदेयकात मूळ वेतन व भत्ते असतात, तसेच पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी आणि प्रसंगी न्यायालयाच्या जप्तीची रक्कमही असते. वैद्यकीय रजेच्या अर्जास डॉक्टरांचा दाखला जोडलेला असतो. यांखेरीज वरिष्ठांनी लिहिलेले गोपनीय अहवाल आणि कर्मचाऱ्याने स्वतः दिलेली मत्ता व दायित्व यांची विवरणपत्रे असतात. एकाच पुस्तकाच्या एका पानावर सार्वजनिक स्वरूपाची नोंद आणि पाठपोट पूर्णतः खाजगी नोंद, असा हा प्रकार असल्याने संपूर्ण सेवापुस्तक ‘खुले’ किंवा संपूर्ण सेवापुस्तक ‘बंद’ असे म्हणणे तर्काला धरून होत नाही. अधिनियमाच्या दहाव्या कलमाने म्हणूनच दस्तऐवजातील देण्याजोगा भाग वेगळा काढून देण्याची सोय केली आहे. व्यवहारात तिचा उपयोग होतो त्यापेक्षा बराच अधिक व्हावयास हवा.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकावरील अकोले तालुक्याचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न किती जवळचा आहे हे दिसते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड व भंडारदऱ्याचा हा डोंगराळ प्रदेश असून त्यातील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. महादेव कोळी व ठाकर या जमातींची तेथे मोठी वस्ती आहे. राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अशा तालुक्यात शासन म्हणजे लोकांच्या दृष्टीने तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, प्राथमिक शिक्षक, आरोग्यसेविका आणि आश्रमशाळेचा अधीक्षक. हे सर्वजण नावानिशी, घरादारानिशी लोकांना माहीत असतात. मुंबईच्या मंत्रालयातील उपसचिवाचा पत्ता कोणी विचारीत नाही. पण गावच्या शिक्षकाचा मुक्काम गावात आहे की तालुक्याच्या ठिकाणी, हा पावसाळ्यात ओढे भरले की थेट शाळा उघडण्याशी निगडित असलेला प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीतील शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ व सेवानियम यांनी शासकीय दप्तराभोवती जी गोपनीयता उभी केली, ती कर्मचाऱ्याच्या खाजगी जीवनाच्या रक्षणार्थ नव्हती, ती मालकाची, म्हणजे शासनाची गोपनीयता होती. तिचा जाच कर्मचाऱ्यालाही होई. आपल्याविषयी वरिष्ठाने काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे; केवळ प्रतिकूल शेरे तेवढे कळविण्याची प्रथा होती. देव दत्त विरुद्ध भारत सरकार (२००८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे असा निर्णय दिला. ‘गोपनीय’ हा शब्द कोणापासून गोपनीय, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे निम्मे बदलले.

दरम्यान न्यायालयांनी जाणण्याचा हक्क व खाजगी जीवनाचा हक्क हे दोन्ही संविधानातून उकलून काढले होते. राज नारायण (१९७५) व एस. पी. गुप्ता (१९८१) या खटल्यांतील निर्णयांनी शासनव्यवहार जाणण्याच्या हक्काची मांडणी केली. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य (१९९४) या निर्णयात खाजगी जीवनाचा हक्क मान्य करतानाच, लोकसेवकाच्या कर्तव्यपालनाशी संबंधित वर्तनाबाबत त्याला या हक्काचा आधार घेता येणार नाही, असे तत्त्व सांगितले गेले. पुढील सर्व वादाचे बीज या एका तत्त्वात आहे. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार (२०१७) या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले.

महाराष्ट्रात माहितीच्या हक्काची चळवळ जोमाने चालली ती अहमदनगर जिल्ह्यातूनच. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथील अण्णा हजारे यांनी तिचे नेतृत्व केले. राज्याचा २००० सालचा पहिला अधिनियम अपवादांच्या गर्दीमुळे निरुपयोगी ठरला. सप्टेंबर २००२ मध्ये त्याच्या जागी अध्यादेश आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये, हजारे यांचे मुंबईत आझाद मैदानावर उपोषण चालू असताना, नव्या राज्य अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय अधिनियम पूर्णतः अंमलात आल्यावर राज्याचा अधिनियम मागे पडला. याच चळवळीच्या रेट्याने शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बदली हा कर्मचाऱ्याचा आणि त्याच्या वरिष्ठाचा आपसांतील मामला नाही, असे विधिमंडळानेच त्याद्वारे मान्य केले होते.

अधिनियमातील मूळ योजना : २००५ च्या अधिनियमाने काही माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर घातले. चौथ्या कलमातील या १७ बाबींत अधिकाऱ्यांची व कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि प्रत्येकाचे मासिक वेतन यांचा समावेश आहे. म्हणजे लोकसेवकाचे नाव, पद, कार्यालयीन संपर्क व वेतन हे खाजगी नाही, हे विधीनेच ठरविले. उरलेल्या माहितीसाठी आठव्या कलमाच्या पहिल्या पोटकलमातील खंड (ञ) होता. त्याचा आशय असा की, ज्या वैयक्तिक माहितीचा कोणत्याही सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने व्यक्तीच्या खाजगी जीवनावर नाहक आक्रमण होईल, ती देण्याचे बंधन नाही. तथापि व्यापक जनहितासाठी ती उघड करणे समर्थनीय आहे अशी माहिती अधिकाऱ्याची खात्री पटल्यास ती देता येईल. त्याला जोडलेल्या परंतुकात म्हटले होते की, जी माहिती संसदेस वा राज्य विधानमंडळास नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही.

या रचनेत माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढे दाखवून भागत नसे. सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा नाहक आक्रमण होते, हे दाखवावे लागे, आणि अपील झाल्यास नकार समर्थनीय असल्याचे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावरच असे. ज्या व्यक्तीची माहिती मागितली गेली आहे तिला, तिने ती गोपनीय मानलेली असल्यास, अकराव्या कलमान्वये पाच दिवसांत सूचना द्यावी लागते आणि तिला म्हणणे मांडण्यासाठी दहा दिवस मिळतात. तिची हरकत विचारात घ्यावयाची असते, पण हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. तालुक्याच्या कार्यालयांत मात्र ‘संबंधितांनी संमती दिली नाही’ एवढ्या एका ओळीवर अर्ज निकालात काढण्याची रीत पडली आहे; तिला अधिनियमात आधार नाही.

पहिल्या काही वर्षांतील उदार अर्थ लावण्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. राज्याचे मंत्री सुरूपसिंग नाईक यांना वनविषयक आदेशांच्या अवमानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे २००६ मध्ये एक महिन्याच्या कारावासाची शिक्षा दिली. शिक्षेच्या काळात ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या उपचारांची कागदपत्रे एका नागरिकाने मागितली. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा वैद्यकीय व्यवसायाचा दंडक पुढे करून विरोध झाला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००७ मध्ये निर्णय दिला, की रुग्णाची कागदपत्रे एरव्ही गोपनीयच असतात. परंतु शिक्षा भोगणारी व्यक्ती तुरुंगाऐवजी रुग्णालयात का आहे हे जाणण्यात जनहित आहे आणि अशी माहिती विधानमंडळाला नाकारता येणार नसल्याने नागरिकालाही नाकारता येणार नाही. वैद्यकीय माहितीइतकी खाजगी दुसरी माहिती नसेल, तरीही सत्तेच्या वापराशी तिचा संबंध आला की तिचे स्वरूप पालटते, हे या निर्णयाने दाखविले.

अकोला येथील प्रकरण : यानंतर पाच वर्षांनी प्रवाह उलटला आणि तोही महाराष्ट्रातूनच आलेल्या एका प्रकरणात. (वऱ्हाडातील अकोला आणि प्रवरेकाठचे अकोले यांची नामसादृश्यामुळे नेहमी गफलत होते, हे प्रकरण अकोल्याचे, म्हणजे विदर्भातील शहराचे आहे.) भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या अकोला येथील उपप्रादेशिक कार्यालयात काम केलेल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्यासंबंधी गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी ऑगस्ट २००८ मध्ये अर्ज केला. नियुक्ती व पदोन्नतीचे आदेश, वेतनाचा तपशील, त्याला दिलेली ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा व शिक्षा, त्याची स्थावर-जंगम मालमत्ता आणि गुंतवणूक, तसेच मुलाच्या विवाहात स्वीकारलेल्या भेटवस्तू अशी मागणीची व्याप्ती होती. आदेशांच्या प्रती देऊ करण्यात आल्या. बाकीचे बहुतेक सर्व, अगदी वेतनाचा तपशीलसुद्धा, वैयक्तिक म्हणून नाकारण्यात आले. केंद्रीय माहिती आयोगाने २००९ मध्ये नकार कायम केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील याचिका व तीवरील अपीलही फेटाळले गेले. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व न्यायमूर्ती दीपक मिश्रा यांच्या पीठाने यावर शिक्कामोर्तब केले.

न्यायालयाचे म्हणणे असे होते की, कर्मचाऱ्याची संस्थेतील कामगिरी ही मुख्यतः तो व त्याचा नियोक्ता यांच्यातील बाब असून तिचे नियमन सेवानियमांनी होते. तिचा सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंध नाही. प्राप्तिकर विवरणपत्रे हीसुद्धा वैयक्तिक माहिती होय. व्यापक जनहित सिद्ध झाल्यास माहिती देता येईल, परंतु अर्जदाराने तसे दाखविलेले नाही.

हा निकाल थोड्या पृष्ठांचा आहे, पण त्याचे परिणाम एखाद्या घटनादुरुस्तीइतके दूरवर गेले. त्यातील दोन गोष्टी खटकणाऱ्या आहेत. सेवानियम हे नियोक्ता व कर्मचारी यांच्यातील संबंधांचे नियमन करतात हे खरे. परंतु शासकीय सेवेत नियोक्ता म्हणजे शासन आणि शासन हे जनतेचे विश्वस्त. खाजगी कारखान्यातील नोकराला लागू पडणारे विधान भविष्य निर्वाह निधीसारख्या कामगारांच्या पैशाचे रक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याला जसेच्या तसे लावले गेले. दुसरे असे की, परंतुकाची कसोटी, म्हणजे हीच माहिती संसदेत प्रश्न विचारून मिळाली असती काय, हा प्रश्न निकालात तपासलेला आढळत नाही. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांच्यासह अनेकांनी या निकालावर टीका केली ती याच मुद्द्यावर. मुलाच्या विवाहातील भेटवस्तूंची यादी मागणे हे बहुतेकांना चौकसपणाचे टोक वाटेल; तथापि आचारनियमांनीच ठराविक मूल्यावरील भेटवस्तू शासनास कळविण्याचे बंधन घातलेले आहे, हे विसरता येत नाही. मागणी फार विस्तृत होती आणि ज्ञापनांसारखी देण्याजोगी माहिती तिच्या ओझ्याखाली दबली गेली, असेही म्हणता येईल.

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने या निकालाच्या आधारे ऑक्टोबर २०१४ मध्ये परिपत्रक काढले आणि वैयक्तिक माहिती व्यापक जनहित असल्याखेरीज देऊ नये असे कळविले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आर. के. जैन यांच्या खटल्यात एका न्यायाधिकरणाच्या सदस्याच्या गोपनीय अहवालाबाबत, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनरा बँकेच्या लिपिकवर्गाच्या नेमणुका व बदल्यांच्या तपशिलाबाबत हीच दिशा कायम ठेवली. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी सुभाषचंद्र अग्रवाल यांच्या खटल्यात भारताच्या सरन्यायाधीशांचे कार्यालय अधिनियमाच्या कक्षेत येते असा महत्त्वाचा निर्णय दिला. त्याच निर्णयात गोपनीय अहवाल, शिस्तभंगाची कारवाई, वैद्यकीय नोंदी, मालमत्ता व दायित्व यांची गणना वैयक्तिक माहितीत करून, प्रत्येक प्रकरणी दोन्ही हक्कांचा तोल पाहूनच निर्णय घ्यावा असे सांगितले. पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या न्यायाधीशांच्या मालमत्तेची विवरणे स्वतःच संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. मुंबई उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये, पुणे जिल्हा न्यायालयातील लिपिकपदाच्या भरतीत निवडलेल्या उमेदवारांचे गुण उघड करणे हे त्यांच्या खाजगी जीवनावरील नाहक आक्रमण नव्हे, असा निर्णय दिला.

मालमत्तेच्या बाबतीत विधीची भूमिका एकसारखी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. निवडणुकीच्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे आपली व कुटुंबियांची मालमत्ता शपथपत्रावर सांगावी लागते व ती कोणासही पाहता येते. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणे केंद्र शासन प्रसिद्ध करते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील एकोणिसाव्या नियमाप्रमाणे राज्यातील कर्मचारी आपले विवरण शासनास देतो. ते मात्र लखोट्यात राहते. जिल्हाधिकाऱ्याचे घर किती किमतीचे आहे हे कळू शकते, त्याच्या हाताखालील मंडल अधिकाऱ्याचे कळत नाही. जमिनीच्या नोंदींवर प्रत्यक्ष हात कोणाचा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातील विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही.

मुख्यालय, बदली व दाखले : ग्रामीण भागात वादाचा सर्वांत मोठा विषय म्हणजे कर्मचाऱ्याचे निवासस्थान. घराचा पत्ता ही सामान्यतः निखळ खाजगी बाब. परंतु शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक इत्यादींनी मुख्यालयी राहावे अशी शासनाची अपेक्षा असून, राज्याच्या ग्रामविकास विभागाने २०१९ मध्ये त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आवश्यक केला. मुख्यालयी राहणे व घरभाडे भत्ता यांचा संबंध किती घट्ट आहे यावरून शासन व शिक्षक संघटना यांच्यात वाद झालेले आहेत. गावात राहण्याजोगी घरेच नाहीत, ही संघटनांची तक्रार डोंगरी भागात खोटी म्हणता येत नाही. आदिवासी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना २००२ पासून एकस्तर वरची वेतनश्रेणीही दिली जाते. शिवाय पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ याने सामाजिक क्षेत्रांतील संस्था व कर्मचारी यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायती यांना देण्याची तरतूद केली आहे. त्यामुळे अकोले तालुक्याच्या अनुसूचित गावातील एखाद्या ग्रामस्थाने शिक्षकाच्या मुख्यालयी निवासाच्या प्रमाणपत्राची प्रत मागितली, तर ती केवळ चौकशी राहत नाही. ती ग्रामसभेच्या विधिसंमत कामाचा भाग ठरते. त्याच अर्जात शिक्षिकेच्या शहरातील घराचा क्रमांक, पतीचे नाव वा दूरध्वनी क्रमांक मागितला असेल, तर तेवढा भाग दहाव्या कलमाखाली वगळून उरलेली माहिती देता येते.

बदल्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ च्या धोरणाने संगणकीय पद्धत आणि ‘विशेष संवर्ग’ आणले. गंभीर आजार असलेले, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता इत्यादी शिक्षकांना त्याखाली प्राधान्य मिळते. पतिपत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग वेगळा आहे. अवघड क्षेत्रातील शाळेवर अनेक वर्षे काढलेल्या शिक्षकाला सोयीची जागा मिळेल की नाही, हे इतरांचा दावा खरा आहे की खोटा यावर अवलंबून असते. तो दावा तपासावयाचा तर संवर्ग कळला पाहिजे; आणि संवर्ग कळला की एखाद्या शिक्षिकेचा कर्करोग किंवा तुटलेला संसार सहकाऱ्यांच्या चर्चेचा विषय होतो. येथे दोन्ही बाजूंना खऱ्या माणसांचे हित आहे. दाखला कोणत्या वैद्यकीय मंडळाने, कोणत्या तारखेस दिला आणि त्याची पडताळणी झाली काय, एवढे उघड करून निदान व उपचार झाकून ठेवणे हा मार्ग व्यवहार्य दिसतो.

दाखले पूर्णपणे झाकून ठेवण्यातील धोका २०२४ मध्ये दिसून आला. महाराष्ट्रातील एका परिवीक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या निवडीसाठी वापरलेले प्रवर्गाचे व दिव्यांगत्वाचे दाखले वादग्रस्त ठरले. दिव्यांगत्वाचे दाखले अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातून दिलेले होते. संघ लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्र शासनाने त्या अधिकाऱ्यास सेवामुक्त केले. त्या व्यक्तीने आरोप नाकारले आहेत व प्रकरण न्यायालयांपुढे गेले. गुणदोष काहीही ठरोत. जात व आरोग्य या दोन अत्यंत खाजगी बाबी राखीव जागेवरील निवडीचा आधार होतात, तेव्हा त्यांची सत्यता ही त्या जागेवर हक्क असलेल्या इतर उमेदवारांचीही बाब असते.

सुरक्षिततेचा प्रश्न : माहिती उघड झाल्याने जीवितास वा शरीरास धोका पोचेल, तेथे ती नाकारण्याची मुभा आठव्या कलमाच्याच खंड (छ) मध्ये आहे. वाळूचोरी वा वृक्षतोड रोखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरचा पत्ता या कारणास्तव रोखणे सर्वस्वी योग्य होय. अमेरिकेत २०२० साली न्यू जर्सी राज्यातील संघीय न्यायाधीश एस्थर सालस यांच्या घरी येऊन एका वकिलाने त्यांच्या मुलाची हत्या केली. त्यानंतर त्या राज्याने व २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने डॅनियल अँडर्ल या मृत मुलाच्या नावाने विधी करून न्यायाधीशांचे घरचे पत्ते व तत्सम तपशील प्रसिद्ध करण्यावर बंधने घातली. तेथील १९६६ च्या माहिती स्वातंत्र्य अधिनियमातही सेवाविषयक व वैद्यकीय नस्त्यांना अपवाद आहे, पण तो खाजगी जीवनावर उघडउघड नाहक आक्रमण होत असेल तेवढ्यापुरताच. भारताचा मूळ खंड (ञ) याच घडणीचा होता. भारतात धोका अनेकदा उलट दिशेनेही येतो. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. सहाव्या कलमानुसार अर्जदारास कारण सांगावे लागत नाही व संपर्कापुरताच तपशील द्यावा लागतो; कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये टपालपेटीचा क्रमांकही पुरेसा मानावा असे सांगितले. लहान गावात मात्र अर्ज कोणी केला हे लपून राहत नाही.

२०२५ नंतरची स्थिती : अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या ४४ व्या कलमाने खंड (ञ) संपूर्ण बदलला. ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती’ एवढेच शब्द आता त्यात उरले आहेत. सार्वजनिक कामाशी संबंध, नाहक आक्रमण व व्यापक जनहित या कसोट्या आणि विधानमंडळाविषयीचे परंतुक ही सर्व गळली. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाचे नियम अधिसूचित झाले, तेव्हा त्यातील बहुतेक कलमांना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली; माहिती अधिकारात बदल करणारी तरतूद मात्र तत्काळ लागू करण्यात आली. म्हणजे नागरिकाच्या विदेचे रक्षण करणारी बंधने मागाहून येणार व नागरिकाच्या माहितीच्या हक्कावरील मर्यादा आधी आली. हा क्रम उचित होता असे म्हणता येणार नाही. अकोला प्रकरणातील निकालाने जो अर्थ लावला होता, तो आता अधिनियमाच्या शब्दांतच उतरला, किंबहुना त्याच्याही पुढे गेला. ‘वैयक्तिक माहिती’ या शब्दांची व्याख्या माहिती अधिकार अधिनियमात नाही. नव्या अधिनियमातील विदेची व्याख्या उसनी घेतली, तर ज्या मजकुरावरून व्यक्ती ओळखता येते तो प्रत्येक मजकूर तीत बसतो. हजेरीपटावरील नाव, टिपणीखालील सही, विहीर मंजूर झालेल्या लाभार्थ्याची यादी, यांपैकी काहीच मग बाहेर राहत नाही.

तरीही दार पूर्णतः बंद झालेले नाही. आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम कायम आहे. उघड करण्यातील लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा अधिक वजनाचे असेल, तर अपवादात मोडणारी माहितीही सार्वजनिक प्राधिकरणास देता येते. फरक असा की, पूर्वी ही तुलना खंडातच गुंफलेली होती व नाकारणाऱ्यास ती टाळता येत नसे. आता ती अर्जदाराने आग्रहाने करवून घ्यावी लागते. चौथ्या कलमातील १७ बाबींनाही धक्का लागलेला नाही, त्यामुळे निर्देशिका व वेतन प्रसिद्ध करण्याचे बंधन पूर्वीइतकेच आहे. महाराष्ट्रात अर्ज दहा रुपयांच्या शुल्कासह करावा लागतो आणि राज्याच्या नियमांनुसार तो एका विषयापुरता व १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो. एवढ्या जागेत माहिती तर मागावयाचीच, शिवाय ती देण्यातील लोकहितही मांडावयाचे, ही कसरत अर्जदारास करावी लागते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा नकार मिळाल्यास प्रथम अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येते. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी आयोगाचे खंडपीठ नाशिक येथे आहे.